घरातले बिनविषारी शेजारी

धामण : २ मीटरपर्यंत, कधी त्याहून लांब. उंदरांची शत्रू. गाईचे दूध पिते ही केवळ समजूत. सापाला चोखताच येत नाही.

वाळा : जेमतेम १५ सेंटिमीटर. कुंडीत, न्हाणीघरात सापडतो, गांडूळच वाटतो. मुंग्या-वाळवीची अंडी खातो. सगळ्या माद्याच, नराशिवाय प्रजनन.

कवड्या : रात्री भिंतीवर चढून पाली पकडतो. विषारी मण्यार समजून हाच सर्वाधिक मारला जातो. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होतात. मण्यारचे बहुधा मानेच्या बरेच मागून सुरू होऊन शेपटीपर्यंत ठळक राहतात. पिल्लांत मात्र फसगत होते. शंका असल्यास हात न लावता सर्पमित्राला बोलवावे.

सापांना संरक्षण देणारा कायदा : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२.