बोरी लगडल्या म्हणून थंडी पडेल काय ?

डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत भात कापून खळ्यावर आलें म्हणजे शेतकऱ्यांच्या बोलण्यांत थंडीचा विषय हटकून निघतो. आंब्याचा मोहोर, वालाचें पीक, चिकूच्या फळांची पोसवण, मिरचीवरील रोग, इतक्या गोष्टी हवेच्या गारव्यावर अवलंबून असल्यामुळें तो निघणें साहजिकच आहे. अशा वेळीं बांधावरच्या बोरीकडे बोट दाखवून, "यंदां बोरी लगडल्या आहेत, थंडी कडक पडणार" असें सांगणारा कोणी ना कोणी भेटतो, आणि ऐकणारा मान डोलावतो. आम्हींही पुष्कळ वर्षें मान डोलावली आहे. या समजुतींत खरें किती आणि नुसतें कानावर आलेलें किती, याचा विचार आमच्या शेतकरी बंधूंनीं एकदां करावा, म्हणून हा लेख लिहीत आहों. कारण या मान डोलावण्यावर पुढें पैशाचे व्यवहार होतात. कोणी मोहोर दिसण्यापूर्वींच बागेचा सौदा करतो, कोणी हातचा सौदा थोपवून धरतो, तर कोणी कापलेलें गवत निर्धास्तपणें उघड्यावर ठेवतो.

ही समजूत आपल्याकडचीच आहे असें नाहीं. इंग्लंड व स्कॉटलंडांत कुंपणाच्या काटेरी झुडपांस तांबडीं फळें फार आलीं कीं हिंवाळा कडक जाणार व बर्फ पुष्कळ पडणार, असें तेथील खेडुत पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत. देव पांखरांची बेगमी आधींच करून ठेवतो, असा तिचा अर्थ लावितात. आतां गंमत अशी कीं, फिनलंड देशांत रोवन नांवाच्या झाडाच्या तसल्याच तांबड्या फळांविषयीं नेमकी उलट म्हण आहे. हें झाड दोन ओझीं वाहत नाहीं, असें तिकडील लोक म्हणतात. म्हणजे फळांचें ओझें ज्या सालीं वाहिलें त्या सालीं बर्फाचें ओझें त्यावर पडत नाहीं. फळांचा बहर एकच, परंतु एक देश म्हणतो बर्फ फार, दुसरा म्हणतो बर्फ थोडें. दोन साक्षीदार असे एकमेकांविरुद्ध बोलूं लागले म्हणजे कचेरींत जें करावें लागतें तेंच येथेंही केलें पाहिजे. तोंडी साक्ष बाजूस ठेवून कागद पाहिला पाहिजे.

आपल्याकडील जुना कागद म्हणजे वराहमिहिराची बृहत्संहिता. सहाव्या शतकांतील या ज्योतिषानें झाडांच्या फुलाफळांवरून करावयाच्या अनुमानांस कुसुमलता नांवाचा एक अध्यायच दिला आहे. जांभळीचा बहर मोठा असल्यास तीळ व उडीद चांगले पिकतात, अर्जुनसादड्यावरून पाऊस चांगला समजावा, कवठावरून वारा, खैर व शमी यांवरून दुष्काळ, अशी ती यादी आहे. बोरीचेंही नांव तींत आहे. पण बोरीवरून कुळीथ ओळखावा असें तेथें सांगितलें आहे, थंडी नव्हे. तेव्हां बोरीवरून थंडी वर्तविणाऱ्यांनीं निदान या ग्रंथाचा आधार सांगूं नये. शिवाय वराहमिहिर अवंति देशचा. त्या मुलखाच्या निशाण्या समुद्रकांठच्या भातमुलखास जशाच्या तशा लावणें कितपत योग्य, हाही प्रश्नच आहे. डहाणू-तलासरीच्या रानांत खैर मुबलक आहे व त्यास शेंगाही बहुतेक सालीं भरपूर धरतात. तेवढ्यावरून दुष्काळ मानूं लागलों तर येथील पैसेवारी दरसाल ५० पैशांच्या आंतच लावावी लागेल !

आतां खुद्द बोरीचा कागद पाहूं. रानबोरीस फुलें येतात तीं पावसाळा सरतांना, भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास. हिरवट पिवळीं, अगदीं बारीक, पानांच्या बगलेंत दडलेलीं अशीं तीं असतात. त्यांचा वास माणसास फारसा रुचत नाहीं, परंतु माशा व मधमाशा त्यास भुलतात, आणि परागाची नेआण त्यांच्याकडूनच होते. त्या दिवसांत उघाड पडली तर माशा फिरतात, फळ धरतें, आणि कार्तिकांत फांद्या हिरव्या बोरांनीं वांकतात. परतीचा पाऊस झोडपून गेला तर फूल गळतें. जें थोडें फळ धरतें त्यावर दमट व ढगाळ हवेंत भुरी बसते. आणि संक्रांतीस सुगडांत घालावयास चार बोरें शोधावीं लागतात. म्हणजे कार्तिकांत आपण जीं बोरें पाहतों तीं आश्विनांतल्या हवेचें वर्तमान सांगत असतात. दफ्तराच्या भाषेंत बोलावयाचें तर ती भरलेल्या साऱ्याची पावती आहे, पुढील हप्त्याची हमी नव्हे.

दुसरी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. बोरीस फूल येतें तें त्या सालच्या नव्या फुटीवर. चैत्र-वैशाखांत कुंपणासाठीं काट्या तोडतांना बोर छाटली गेली, कीं पावसाळ्यांत ती जोमानें फुटते व त्या फुटीवर फळ भरपूर धरतें. बोरांची बागाईत करणारे लोक उन्हाळ्यांत मुद्दाम छाटणी करतात ती याच कारणास्तव. तेव्हां घरामागची बोर यंदां कां लगडली, याचें कारण आकाशांत नसून आपल्याच गड्याच्या कोयत्यांत असण्याचा संभव असतो. हें कारण शोधण्याचे श्रम मात्र कोणी घेत नाहीं.

मग या समजुतींत तथ्य मुळींच नाहीं काय ? थोडें आहे, आणि तें सांगितलें पाहिजे. पाऊस वेळेवर परतला व आश्विन कोरडा गेला म्हणजे बोरीस फळ धरतें, हें वर आलेंच. त्याच कोरड्या व निरभ्र हवेंत जमिनीनें दिवसा घेतलेली ऊब रात्रीं आकाशांत लवकर निघून जाते. ढग व दमटपणा हें जमिनीवरील पांघरूण होय; तें निघालें कीं पहांटेस गारठा जाणवूं लागतो. म्हणजे बोरांचा बहर व कार्तिकांतला लवकर आलेला गारठा हीं दोन्ही एकाच कारणाचीं कार्यें आहेत. एक दुसऱ्याचें कारण नव्हे. आपल्या बापआज्यांनीं बोरी लगडलेल्या सालीं थंडीची सुरुवात लवकर झालेली पाहिली असेल तर त्यांत नवल नाहीं. परंतु सुरुवात लवकर झाली म्हणून पौष-माघांतील थंडी कडकच पडेल, असें त्यावरून ठरत नाहीं. शिवाय पावसाचें परतणेंही पूर्वींसारखें राहिलें नाहीं. हवामान खात्यानें २०२० सालीं मोसमी पावसाच्या येण्याजाण्याच्या तारखा नव्यानें ठरविल्या, तेव्हां मुंबईहून पाऊस परतण्याची तारीख २९ सप्टेंबर होती ती ८ ऑक्टोबर झाली. बोरीच्या फुलावर पडणारें पाणी त्या मानानें बदललें, मग आज्याच्या वेळची निशाणी आज तशीच कशी लागू पडावी ?

करवंदांचीही हीच गोष्ट. करवंदीस फूल येतें थंडीच्या अखेरीस आणि फळ पिकतें वैशाखांत. तेव्हां करवंदें फार आलीं म्हणून पाऊस चांगला, असें कोणी म्हणेल तर तोही मागील पान पुढचें म्हणून वाचीत आहे. बहाव्याचें फूल फुलल्यापासून ४५ दिवसांनीं पाऊस येतो, ही म्हण तर सर्व महाराष्ट्रांत आहे. उन्हाच्या तापानें बहावा फुलतो आणि त्यानंतर महिना-दीड महिन्यानें मृगाचे दिवस येतातच. तेव्हां ही म्हण सहसा चुकत नाहीं. पण जी निशाणी बहावा थोडा फुलला काय नि फार फुलला काय, दोन्ही वेळां खरीच ठरते, तिच्यावरून यंदांचा पाऊस कसा, हें कळावयाचें तें काय ?

पौष-माघांतील खरी थंडी आपल्या रानांत तयार होत नाहीं. भूमध्य समुद्राच्या बाजूनें येणारे वादळी पट्टे काश्मीर व हिमालयावर बर्फ पाडून पूर्वेस सरकले म्हणजे त्यांच्या मागोमाग उत्तरेचा कोरडा वारा राजस्थान व गुजरातवरून खालीं उतरतो. तो पोंचला कीं तलासरीच्या पाड्यांवर शेकोट्या पेटतात. डहाणूच्या किनाऱ्यास समुद्राची ऊब असल्यानें तेथें गारठा त्या मानानें कमी. असे पट्टे किती येतील व केव्हां येतील, हें आश्विनांत फुललेल्या बोरीस कळण्यास मार्ग नाहीं. आणि कडक थंडी पडली म्हणजे आंबा पिकलाच, असेंही नव्हे. रात्रीचें उष्णमान साधारण १५ ते २० अंशांच्या दरम्यान राहिलें तर मोहोर चांगला येतो. पण थंडी फार वाढून लांबली तर हापुसास पुन्हां मोहोर फुटतो आणि आधीं धरलेली कैरी गळते. बागेचा सौदा करणाऱ्यांनीं एवढें तरी लक्षांत ठेवावें.

२०१७ सालचा आमचाच अनुभव सांगतों. त्या कार्तिकांत आमच्या बांधावरच्या बोरी फळांनीं वांकल्या होत्या. थंडी लवकर व कडक पडणार, हवा कोरडी राहणार, अशी आमची खात्री झाली. गवत कापून झालें होतें. गंजी घालण्याची घाई न करतां तें पसरून ठेवलें, म्हणजे चांगलें वाळेल व तोलास उतरणार नाहीं, असा आमचा हिशेब. नोव्हेंबरच्या अखेरीस कन्याकुमारीच्या बाजूस ओखी नांवाचें चक्रीवादळ उठलें, अरबी समुद्रांतून वर सरकत सुरतेच्या रोखानें आलें, आणि दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे ४ व ५ डिसेंबरला, ऐन मार्गशीर्षांत आपल्या किनाऱ्यावर पाऊस कोसळला. आमचें गवत काळें पडलें. विकण्याजोगें तें राहिलें नाहीं. वादळाची सूचना हवामान खात्यानें दिली होती, ती आमच्या कानांवरही आली होती. पण आम्ही बोरीवर विसंबून बसलों होतों. बोरीस फळ धरलें तेव्हां हें वादळ जन्मासही आलें नव्हतें, एवढा साधा विचार त्या वेळीं सुचला नाहीं.

त्याच सुमारास शेजारच्या पाड्यावरील एका वृद्ध वारल्यास आम्हीं विचारलें, बोरी एवढ्या आल्या त्यावरून तुमचे लोक काय समजतात ? तो हंसला व म्हणाला, "भाऊसाहेब, बोरं आली ती पोरांनी खायची. थंडी पडली का शेकोटी करायची." त्याचें गवत गंजींत होतें.

आमच्या मतें या समजुतीची परीक्षा प्रत्येकास आपल्या घरीं करतां येईल. पैसेवारी ठरवितांना नजरअंदाज आधीं होतो, पण पीक कापून व मोजून पाहिल्यावांचून तो अखेरचा मानीत नाहींत. तसेंच येथें करावें. एक वही घालावी. शिवारांतील ठराविक पांच बोरी निवडून दर कार्तिकांत त्यांस फळ भरपूर आलें कीं थोडें, हें लिहावें. भाद्रपद-आश्विनांत पाऊस किती दिवस पडला तें लिहावें. पुढें पौष-माघांत गारठ्याच्या रात्री किती गेल्या तें मांडावें; घरीं उष्णतामापक नसल्यास डहाणूच्या वेधशाळेचे आंकडे वर्तमानपत्रांतून मिळतील तसे उतरून घ्यावे. मग पानावर चार खाने आंखावे: बोरें फार व थंडी कडक, बोरें फार व थंडी सौम्य, बोरें थोडीं व थंडी कडक, बोरें थोडीं व थंडी सौम्य. आपल्या आठवणींत फक्त पहिला खाना राहतो, कारण निशाणी फळली ती गोष्ट चारचौघांत सांगितली जाते. उरलेल्या तीन खान्यांतील सालें कोणी सांगत नाहीं. गवताच्या त्या नुकसानीपासून आम्हीं अशी वही ठेवली आहे. तींत चारही खान्यांत सालें पडलीं आहेत. एवढ्या थोड्या सालांवरून निकाल देण्याची आमची इच्छा नाहीं. पण चार गांवच्या चार वह्या दहा-बारा वर्षें नीट चालल्या तर आपल्या तालुक्यांपुरता निकाल देतां येईल.

वही घालणारांस एकच सूचना. निवडलेल्या पांच बोरींपैकीं एखादीचे फांटे उन्हाळ्यांत कुंपणासाठीं तोडले गेले असतील तर ती बोर त्या सालच्या हिशेबांत धरूं नये. धरलीच तर तोडल्याची तारीख तिच्यासमोर लिहून ठेवावी.