प्रलयानंतर राज्य कोणाचे? : पानिपत, ग्वाल्हेर आणि विज्ञानकथा

युद्धाने, साथीने किंवा महापुराने जग उद्ध्वस्त झाले आहे. मूठभर माणसे उरली आहेत. त्यांना अन्न हवे, पाणी हवे, निवारा हवा. आणि हे थोडेफार मिळू लागताच त्यांच्यात प्रश्न उभा राहतो की, आता हुकूम कोणाचा चालणार? या सूत्रावर उभारलेल्या कथा-कादंबऱ्या तरुण वाचक आवडीने वाचतात. सोयीसाठी त्यांना आपण 'प्रलयोत्तर कथा' म्हणू. हा प्रकार पाश्चात्त्यांकडून आलेला आहे, आपल्या वाङ्मयाशी आणि इतिहासाशी त्याचे काही नाते नाही, अशी समजूत आढळते. ती कितपत खरी आहे हे पाहणे, आणि त्या निमित्ताने अशा कथा कशा वाचाव्यात याचा विचार करणे, हा या लेखाचा हेतू आहे.

प्रकाराचे स्वरूप

इंग्रजीतील या प्रकारच्या आरंभीच्या कादंबऱ्यांत मेरी शेली यांच्या 'द लास्ट मॅन' (१८२६) हिची गणना होते. एकविसाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या साथीने मानवजात नष्ट होते, अशी तिची कल्पना आहे. ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकी या शहरांवर अणुबॉम्ब पडले आणि आजवर कल्पनेत असलेला सर्वनाश माणसाच्या हाती आला. त्यानंतर या प्रकाराला बहर यावा हे स्वाभाविक होते. जॉर्ज स्टुअर्ट यांच्या 'अर्थ अबाइड्स' (१९४९) या कादंबरीत साथीतून वाचलेला एक सुशिक्षित मनुष्य नव्या पिढीला वाचावयास शिकवू पाहतो. मुलांना मात्र ग्रंथालयापेक्षा धनुष्यबाण उपयोगी वाटतो. वॉल्टर मिलर यांच्या 'अ कँटिकल फॉर लीबोविट्झ' (१९५९) या कादंबरीत अणुयुद्धानंतर काही मठवासी जुन्या विज्ञानाचे कागद अर्थ न समजताही शतकानुशतके जपून ठेवतात. पुढे तीच विद्या जागी होते आणि जग पुन्हा त्याच विनाशाच्या कड्यावर येऊन उभे राहते.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. अशा कथांत नाश हा बहुधा आरंभीच उरकलेला असतो. लेखकाचे खरे लक्ष उरलेल्यांकडे असते, आणि त्यांच्यातून नवी सत्ता कशी उभी राहते याची तो चिकित्सा करतो. या चिकित्सेत तीन प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. जगण्याचे साधन कोणाच्या हाती आहे? नव्या सत्तेला लोक मान्यता का देतात? आणि जुन्या जगाची विद्या कोणाजवळ उरली आहे? या तीन प्रश्नांची कसोटी लावून आता आपण घराकडे वळू.

आपल्याकडील प्रलयकथा

मनू आणि मत्स्य यांची कथा शतपथ ब्राह्मणात आहे. तीत प्रलयही आहे आणि नवा आरंभही आहे. परंतु प्रलयानंतरच्या अवस्थेचे अधिक कठोर चित्र महाभारताच्या मौसलपर्वात सापडते. यादव आपापसांत लढून संपतात, द्वारका समुद्रात बुडते. उरलेल्या स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांना घेऊन अर्जुन निघतो; वाटेत काठ्या घेतलेले आभीर त्यांना लुटतात आणि ज्या गांडीवाने कुरुक्षेत्र गाजविले, त्या गांडीवाला त्या दिवशी यश येत नाही. जुन्या जगाचे अस्त्र नव्या जगात निकामी ठरते, हा विचार आजच्या कोणत्याही प्रलयोत्तर कादंबरीत शोभावा असा आहे. त्याच पर्वात कृष्णाचा पणतू वज्र याला इंद्रप्रस्थी बसविले जाते, म्हणजे नव्या सत्तेचे बीजही तेथेच पेरले जाते.

कन्नड विभागाच्या वाचकांना या संदर्भात १५६५ ची तालिकोटची लढाई आठवल्याशिवाय राहणार नाही. विजयनगरसारखी राजधानी उजाड झाली. मात्र इतिहास तेथे थांबला नाही. त्या पडझडीतून केळदी, म्हैसूर, मदुरा येथील सत्ता बलिष्ठ होत गेल्या. गिरीश कर्नाड यांना आयुष्याच्या अखेरीस या विषयावर 'राक्षस तंगडी' (२०१८) हे नाटक लिहावेसे वाटले, यावरूनच त्या घटनेची लोकमनावरील पकड कळते.

मराठी मनावर अशीच पकड पानिपताची आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी, एका दिवसात, एक पिढी गारद झाली. 'पानिपत होणे' हा वाक्प्रचार आणि 'संक्रांत कोसळणे' या शब्दांतला धसका अजून भाषेत जिवंत आहे. विश्वासराव पडले आणि 'विश्वास पानिपतात गेला' अशी बोलण्याची रीत पडली. यानंतर जे वाङ्मय निर्माण झाले, त्याला प्रलयोत्तर वाङ्मय म्हणण्यास हरकत नाही. भाऊसाहेबांच्या बखरीत घडलेले आणि कल्पिलेले इतके मिसळले आहे की, ती इतिहास म्हणून वाचताना सावध राहावे लागते. पण होरपळलेल्या समाजाचे मन म्हणून ती वाचली तर तिचे मोल फार मोठे आहे. आपला कर्ता पुरुष मेला यावर लोकांचा विश्वासच बसत नव्हता. म्हणूनच सदाशिवरावभाऊ म्हणवणारा एक तोतया उभा राहिला, त्याच्यामागे माणसे आणि किल्ले गेले, आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड देईपर्यंत पेशवाईला स्वस्थता लाभली नाही. न. चिं. केळकरांनी या प्रकरणावर 'तोतयाचे बंड' (१९१३) हे नाटक लिहिले. कल्पित कथेला खरी माणसे पाठिंबा देतात तेव्हा तीही एक सत्ताच होते, हे त्यावरून दिसते.

ग्वाल्हेरचे उत्तर

पानिपतानंतर जो सर्वांत प्रबळ पुरुष पुढे आला तो महादजी शिंदे. पुढे ग्वाल्हेर ही ज्या घराण्याची राजधानी झाली, त्या घराण्याचे दोन पिढ्यांचे पुरुष एका वर्षाच्या अवधीत गेले होते. दत्ताजी जानेवारी १७६० मध्ये बुराडी घाटावर पडले. जखमी अवस्थेत 'और भी लडोगे?' असे शत्रूने विचारले असता 'बचेंगे तो और भी लडेंगे' असे त्यांनी उत्तर दिल्याची आख्यायिका आहे. जनकोजी पानिपतानंतर मारले गेले. महादजी वाचले, पण पाय कायमचा अधू झाला. दत्ताजींच्या वाक्यातील 'बचेंगे तो' ही अट महादजींच्या वाट्याला आली. आता मघाचे तीन प्रश्न येथे लावून पाहू.

पहिला प्रश्न जगण्याचा. परंपरा अशी की, घायाळ महादजींना राणेखान नावाच्या भिस्त्याने आपल्या बैलावर घालून वाचविले. पखालीतून पाणी वाहणारा मनुष्य त्या दिवशी सरदारांहून मोठा ठरला. महादजींनी त्याला भाऊ मानले आणि सेनेत मोठा अधिकार दिला. १७८८ मध्ये गुलाम कादिराने बादशहा शाहआलमचे डोळे काढले, तेव्हा दिल्ली सोडविण्यास गेलेल्या शिंद्यांच्या फौजेचा प्रमुख हाच राणेखान होता. प्रलयात जुनी उतरंड मोडते आणि नवी माणसे वर येतात, असे कादंबरीकार सांगतात; त्याचे इतके स्पष्ट उदाहरण कल्पनेतही क्वचित सापडेल.

दुसरा प्रश्न मान्यतेचा. महादजींजवळ फौज होती, मुलूख होता. तरीही ते स्वतः सिंहासनावर बसले नाहीत. १७७२ च्या आरंभी त्यांनी शाहआलमला दिल्लीच्या तख्तावर परत आणले. १७८४ मध्ये त्याच्याकडून 'वकील-इ-मुत्लक' हे पद पेशव्यांच्या नावे मिळविले आणि कारभार आपल्या हाती ठेवला. ते स्वतःला पाटील म्हणवीत. बादशहा दुबळा, पेशवा अल्पवयीन, आणि खरा सत्ताधारी स्वतःला सेवक म्हणवितो, ही रचना वरवर विचित्र वाटते. परंतु लोकांना ओळखीची असलेली जुनी वस्त्रे पांघरल्याशिवाय नवी सत्ता रुजत नाही, हे त्यांनी जाणले होते.

तिसरा प्रश्न विद्येचा. आणि येथेच ग्वाल्हेरच्या कथेतील उणे दिसते. पानिपतावरून धडा घेऊन महादजींनी कवायती पायदळ आणि तोफखाना उभारला. त्यासाठी सॅव्हॉयचा द बॉइन्य हा सेनानी १७८४ मध्ये चाकरीत घेतला. १७९० मध्ये पाटण आणि मेडता येथे या पलटणींनी मोठे विजय मिळविले. १७९४ मध्ये महादजी वारले, पुढे द बॉइन्यही स्वदेशी गेला आणि पलटणी पेराँ याच्याकडे आल्या. १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध जुंपताच पेराँने शिंद्यांची चाकरी सोडून इंग्रजांचा आश्रय घेतला. इतर अनेक युरोपीय अधिकारीही निघून गेले. लासवारीच्या रणात हिंदी शिपाई आणि गोलंदाज शर्थीने लढले, पण नेतृत्वाची विद्या त्यांच्या हाती कधी दिलीच गेली नव्हती. मिलरच्या कादंबरीतील मठवासी विद्येचे कागद जपतात पण अर्थ जाणत नाहीत. येथे अर्थ जाणणारा भाडोत्री होता आणि जाताना तो अर्थही घेऊन गेला.

नारळीकरांचे पानिपत

ही खरी घडलेली कथा मनात ठेवून डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही विज्ञानकथा वाचावी. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने पाठविलेल्या 'कृष्णविवर' या कथेला पहिले पारितोषिक मिळाले आणि नारळीकर विज्ञानकथालेखक म्हणून पुढे आले. गंगाधरपंतांची कथा इंग्रजी रूपात अकरावीच्या पाठ्यपुस्तकातही समाविष्ट झाली, त्यामुळे ती अनेकांच्या परिचयाची आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघातानंतर अशा जगात पोहोचतात, जेथे विश्वासरावांना गोळी लागली नाही, ती कानाजवळून निसटून गेली, आणि पानिपत मराठ्यांनी जिंकले. कणांच्या जगात एकाच कारणातून अनेक कार्ये संभवतात, या पुंजयांत्रिकीतील विचाराचा आधार लेखकाने कथेला दिला आहे.

ही कथा अनेकजण 'आपण जिंकलो असतो तर' या समाधानासाठी वाचतात. बारकाईने पाहिले तर लेखकाने दुसरेच काही सुचविले आहे. त्या जिंकलेल्या जगातही पेशवे दिल्लीची नामधारी बादशाही टिकवूनच धरतात. म्हणजे प्रत्यक्ष इतिहासात हरल्यावर महादजींनी जे केले, तेच कल्पित इतिहासात जिंकल्यावर पेशव्यांनी केले. फरक पडतो तो तिसऱ्या प्रश्नावर. कथेतील राज्यकर्ते युरोपातील नव्या विज्ञानाचे महत्त्व ओळखतात, स्वतःची विज्ञानकेंद्रे काढतात आणि परकीय तज्ज्ञांचे साहाय्य स्वावलंबी होण्यापुरतेच घेतात. गोळी तिळभर चुकली हे कथेचे निमित्त आहे. देश उभा राहतो तो विद्या आपलीशी केल्यामुळे. एका वैज्ञानिकाने पानिपतावर काढलेला हा निष्कर्ष आपल्याकडे पुरेसा चर्चिला गेला नाही.

दुसरी बाजू

येथवर आपण सत्ता उभारणाऱ्यांच्या बाजूने पाहिले. परंतु एकाचा उदय हा दुसऱ्याचा प्रलय असतो. १७८० मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला इंग्रजांनी घेतला आणि गोहदच्या जाट राण्याला दिला. १७८३ मध्ये महादजींनी तो जिंकून घेतला आणि गोहदचे राज्यही मोडले. गोहदच्या माणसाने ही कथा लिहिली असती तर तीत महादजी हे वाचलेले वीर नसते, चालून आलेले संकट असते. चांगली प्रलयोत्तर कादंबरी आणि सामान्य कादंबरी यांतील भेद येथेच आहे. सामान्य कादंबरी वाचलेल्याच्या पराक्रमावर खूश होते. चांगली कादंबरी, त्याच्या वाचण्याची किंमत कोणी मोजली, हेही विचारते.

१८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याजवळ छावणी टाकली. तंबूंच्या जागी घरे झाली, बाजार बसला, दक्षिणेतून आलेली मराठी कुटुंबे तेथे स्थिरावली. आजही ग्वाल्हेरच्या त्या भागाला लष्कर असेच म्हणतात. सैन्याचा तळ हेच ज्या वस्तीचे नाव, तेथे पुढे शाळा, देवळे आणि गाण्याचे क्लास चालले. प्रलयोत्तर कथांत राजे आणि सेनापती पुष्कळ असतात. छावणीचे गाव कसे होते, भांडणारी माणसे शेजारी कशी होतात, हे मात्र फारसे कोणी लिहीत नाही.

आपल्या महाविद्यालयात लिहिणारे विद्यार्थी आहेत, आणि मराठी व कन्नड अशा दोन समृद्ध भाषांच्या परंपरा त्यांच्या हाताशी आहेत. परक्या शहरांच्या पडझडीचे चित्र रंगविण्याऐवजी त्यांनी हंपी, द्वारका, पानिपत यांपैकी एखाद्या ठिकाणी दुसऱ्या दिवशी सकाळी काय झाले असेल, असा प्रश्न स्वतःला विचारावा. पाणी कोणी आणले, हुकूम कोणाचा चालला, वाचता कोणाला येत होते, आणि कोणाचे घर मोडून नवे घर उभे राहिले, एवढ्या चार गोष्टींची उत्तरे त्यांनी प्रामाणिकपणे शोधली, तर कथेसाठी नव्या ग्रहाकडे जाण्याची गरज त्यांना भासणार नाही.