४० किलोहर्ट्झला गेन जातो कुठे?

अडथळा टाळणारी गाडी किंवा टाकीतल्या पाण्याची पातळी सांगणारं सर्किट सुट्या भागांतून जोडणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते: अल्ट्रासॉनिक रिसीव्हरकडून येणारा ४० किलोहर्ट्झचा प्रतिध्वनी कितीही वाढवा, हाती काही लागत नाही. दोष सेन्सरला दिला जातो. चूक बहुधा ऑप-अँपच्या निवडीत असते.

सगळ्यात पक्का गैरसमज म्हणजे गेन फक्त रेझिस्टर ठरवतात. एलएम३५८ला १ किलोओहम आणि १ मेगाओहम लावले, की सिग्नल हजारपट! अगदी कमी वारंवारितेला हे खरंही आहे. पण ऑप-अँपच्या गेनचा आणि बँडविड्थचा गुणाकार ठरलेला असतो. एलएम३५८चा सुमारे १ मेगाहर्ट्झ. ४० किलोहर्ट्झला त्याच्याकडे जेमतेम २५ पट गेन उरतो, मग रेझिस्टर कोणतेही असोत. हजाराचे दोन टप्पे जोडले तर कागदावर १० लाख, प्रत्यक्षात सहाशेच्या आसपास. जुन्या ७४१ची गतही हीच.

त्यात भर स्ल्यू रेटची. एलएम३५८चं आउटपुट मायक्रोसेकंदाला सुमारे ०.३ व्होल्टच सरकू शकतं. म्हणून ४० किलोहर्ट्झची लहर मध्यापासून १.२ व्होल्टच्या वर जायला लागली, की ऑसिलोस्कोपवर तिचा त्रिकोण होतो. हा त्रिकोण दिसला, तर रेझिस्टर बदलत बसू नका, आयसी बदला. एनई५५३२चा गुणाकार १० मेगाहर्ट्झ आहे. ३० पटीचे दोन टप्पे तो आरामात देतो, म्हणजे खरोखरचे ९०० पट. मात्र ५ व्होल्टवर त्याचा भरवसा धरू नये. १२ व्होल्ट द्यावेत, दोन समान रेझिस्टरांनी ६ व्होल्टचा मध्यबिंदू करावा आणि टप्प्यांमध्ये कपॅसिटर घालावा.

गेन वाढवला की पल्ला वाढतो, हेही अर्धंच खरं. सिग्नलबरोबर नॉइजही तितकाच वाढतो, आणि पहिल्या टप्प्यात शिरलेला नॉइज पुढचा कुठलाच टप्पा वेगळा काढत नाही. त्यामुळे पहिला ऑप-अँप कमी नॉइजचा हवा आणि ४० किलोहर्ट्झच्या आजूबाजूचं तेवढंच पुढे सोडणारा बँडपास फिल्टर हवा. ट्रान्समीटर थांबल्यावरही क्षणभर थरथरत राहतो, हे विसरून चालत नाही. गेन अवाजवी असेल, तर ती थरथरच रिसीव्हरचं आउटपुट भरून टाकते आणि जवळची वस्तू दिसतच नाही.

सर्किट बरोबर म्हणजे ब्रेडबोर्डवर चालणारच, असंही नाही. शेजारच्या पट्ट्यांमध्ये काही पिकोफॅरड कपॅसिटन्स असतो. ऐकायला तो नगण्य, पण ४० किलोहर्ट्झला ४ पिकोफॅरडचा अडथळा फक्त १ मेगाओहम भरतो. फीडबॅकमध्ये १ मेगाओहम लावलाच असेल, तर सिग्नलला बाजूने तितकीच रुंद वाट मोकळी झाली. तिथे ३० किलोओहम आणि १ किलोओहम ठेवा, रिसीव्हरपासून ऑप-अँपपर्यंत शील्डेड वायर तोकडी वापरा आणि आयसीच्या सप्लाय पिनला अगदी लागून १०० नॅनोफॅरड लावा.