रॉयल क्रेसेंट : एक दर्शनी भिंत, तीस घरे

ब्रिटनच्या सिंहासनावर १७१४ ते १८३० या काळात जॉर्ज नावाचे चार राजे लागोपाठ आले, म्हणून त्या काळातील वास्तुशैली ‘जॉर्जियन’ या नावाने ओळखली जाते. प्रमाणबद्धता, समतोल आणि ग्रीक-रोमन स्तंभरचनेचा संयत वापर ही तिची लक्षणे होत. इंग्लंडमधील बाथ शहरातील ‘रॉयल क्रेसेंट’ हा या शैलीचा एक परमोत्कर्ष मानला जातो. धाकट्या जॉन वूड यांच्या आराखड्यानुसार १७६७ ते १७७५ या दरम्यान उभी राहिलेली ही ३० घरांची सलग रांग समोरच्या हिरवळीला मोठ्या कमानीसारखा वळसा घालते.

तळमजला मुद्दाम साधा ठेवलेला असून त्याच्या वर दोन मजल्यांची उंची व्यापणारे ११४ स्तंभ ओळीने उभे आहेत. ते आयोनिक पद्धतीचे आहेत, म्हणजे त्यांच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना गुंडाळीसारखी वेटोळी कोरलेली असतात. मधल्या घरापाशी हे स्तंभ जोडीने येतात आणि संपूर्ण रांगेचा मध्यबिंदू त्यावरून कळतो. बांधकामाचा मधाळ रंगाचा चुनखडक याच परिसरातील खाणींतला असल्यामुळे शहराच्या इतर वास्तूंशीही या इमारतीचा रंग जुळतो.

या एकसंध देखाव्यामागील व्यवहार मात्र वेगळाच होता. वूड यांनी दर्शनी भिंतीची रचना ठरवून दिली; भूखंड घेणाऱ्यांनी तिच्यामागे आपापल्या बांधकाम कारागिरांकडून हवे तसे घर बांधून घेतले. म्हणूनच समोरून राजवाड्यासारखी अखंड दिसणारी ही वास्तू मागून पाहिल्यास छपरांची उंची, खिडक्यांची मांडणी आणि भिंतींची खोली घरागणिक बदलत जाते. उष्ण झऱ्यांच्या या शहरात हंगामापुरत्या येणाऱ्या श्रीमंतांना अशी घरे भाड्याने दिली जात.

आज ही वास्तू ‘ग्रेड १’ या सर्वोच्च श्रेणीतील संरक्षित इमारत आहे. अशा इमारतीचे स्वरूप पालटणारा कोणताही बदल, मग तो आतला असो वा बाहेरचा, पूर्वपरवानगीशिवाय करता येत नाही. १९७० च्या दशकात २२ क्रमांकाच्या घराचा दरवाजा पिवळा रंगवला गेला, तेव्हा नगरपरिषदेने तो पुन्हा पांढरा करण्याचा आदेश दिला. तथापि वाद वरिष्ठ पातळीवर गेल्यावर दरवाजा पिवळाच राहू देण्यात आला. सार्वजनिक दर्शनी रूप आणि खासगी मालकी यांचा जो मेळ वूड यांनी दगडात घातला, तोच आज कायद्याला प्रत्येक निर्णयात नव्याने घालावा लागतो; या वास्तूचे जतन म्हणजे त्या समजुतीचेही जतन होय.