दर्यावर्दी रत्नागिरी – लेखांक ६ : खालचा डेक, वरचा डेक

मागच्या आठवड्यात आपण रत्नदुर्गावरचा दीपस्तंभ पाहिला. आज त्या दिव्याच्या भरवशावर ये-जा करणाऱ्या बोटींवर चढायचं आणि तळापासून वरच्या टोकापर्यंत त्या हिंडून पाहायच्या.

रत्नागिरीत साठी ओलांडलेल्या माणसाशी 'बोट' हा शब्द काढला, की त्याच्या डोळ्यांसमोर मच्छीमारी ट्रॉलर येत नाही. येते ती मुंबई–गोवा आगबोट. आधी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशनच्या बोटी, पुढे चौगुल्यांच्या, त्यानंतर मोगल लाईनच्या. मुंबईहून निघून हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले करत पणजीकडे जाणारा हा सगळा मार्ग म्हणजे गिरणगावात राबणाऱ्या कोकणाची घरची वाट होती. कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली ती २६ जानेवारी १९९८ ला. त्याच्या कितीतरी आधीच बोट बंद पडलेली. मधल्या वर्षांत एसटी आणि घाटरस्ता, एवढंच हाती उरलं.

अलीकडे याच पाण्यातून पुन्हा प्रवासी जहाजं गेली. २० ऑक्टोबर २०१८ ला मुंबईत 'आंग्रिया'चं उद्घाटन झालं. कान्होजी आंग्र्यांचं नाव मिरवणारी ही १३१ मीटर लांबीची बोट मुंबईहून दुपारी निघे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गोव्याला लागे. २०२१ मध्ये 'कॉर्डेलिया एम्प्रेस' आली. ती २११ मीटर लांब, ११ डेकची, जवळजवळ ८०० केबिनची. आजच्या फेरफटक्यात या दोघी आणि आपली जुनी आगबोट अशा तिघींना सोबत ठेवू. कुठल्या डेकवर काय आहे हे तर पाहूच, पण ते तिथेच का आहे हे कळलं तर बोट खरी पाहिल्यासारखं होईल.

शिडी चढून मुख्य डेकवर पाय ठेवला की पहिली ठेच लागते ती दाराला. बोटीवरच्या उघड्या डेकवर येणाऱ्या दारांचा उंबरठा घोट्याच्या वर, कधी कधी नडगीपर्यंत असतो. नवखा माणूस हमखास अडखळतो. डेकवर लाट आली तर पाणी जिन्याने पोटात उतरू नये, म्हणून तो मुद्दाम उंच ठेवलेला असतो. आता डेककडे नीट बघा. जुन्या बोटीचा डेक सपाट नसतो. मधे किंचित फुगीर, दोन्ही कडांना उतरता. शिवाय पुढच्या आणि मागच्या टोकाकडे थोडा चढता. मधे पडलेलं पाणी कडेला जातं आणि कठड्याखालच्या भोकांतून समुद्रात परत जातं. ही भोकं बुजली, किंवा त्यांच्यापुढे सामान रचलं गेलं, तर पाणी डेकवरच साचतं. साचलेलं पाणी स्थिर राहत नाही. बोट जिकडे कलते तिकडे धावतं आणि तिला आणखी कलवतं. म्हणून डेकच्या कडेला बोजे लावणाऱ्या प्रवाशाला खलाशी हटकतो.

आता खाली उतरू. सगळ्यात तळाला बॉयलर आणि इंजिन. हे तळाला असण्याचं कारण सोपं आहे, जड वस्तू जितकी खाली तितकी बोट पाण्यात घट्ट बसते. पण कोळसा किंवा तेल जळत जातं, तसतसा तळ हलका होत जातो. मुंबईहून निघालेली बोट पणजीला पोचेपर्यंत तिचं खालचं वजन घटलेलं असतं. ते भरून काढायला तळाच्या टाक्यांत समुद्राचं पाणी नीरम, म्हणजे तोल राखणारं वजन, म्हणून घेतात. वरून पाहणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. बोट बुडते की तरते हे मात्र बऱ्याच अंशी इथे ठरतं.

इंजिनाच्या वर किंवा लगतच माल आणि त्याच्याच शेजारी खालचा डेक, म्हणजे सगळ्यात स्वस्त तिकिटाची जागा. इथे जरा थांबू, कारण कोकणची बोट खऱ्या अर्थाने इथे होती.

खालच्या डेकवर बाकं नाहीत, खाटा नाहीत, नंबर नाहीत. लोखंडी जमीन आणि डोक्यावर लोखंडी छत. बोट लागली की आधी चढलेला माणूस सतरंजी अंथरतो आणि तेवढी जागा त्याची होते. एका बाजूला ट्रंक, दुसऱ्या बाजूला वळकटी, उशाला पिशवी. या तीन भिंतींच्या आत एक कुटुंब रात्र काढतं. पायाखालून इंजिनाची धडधड सतत पाठीला लागते. मे महिन्यात आंब्याच्या पेट्यांचा वास, तेलाचा वास आणि कुणाला तरी बोट लागून झालेल्या ओकारीचा आंबूस वास एकत्र होतो. उकाडा तर विचारू नका. आणि तरीही रत्नागिरीचा माणूस शेजारच्या सतरंजीवरच्या मालवणच्या माणसाला जेवणाचा डबा पुढे करतो. सकाळपर्यंत दोघांना एकमेकांची गावं, पोरं आणि भाऊबंदकी पाठ झालेली असते.

या स्वस्त जागेचा एक मोठा फायदा फार थोड्यांच्या लक्षात यायचा. बोट डुलते तेव्हा तिचा हेलकावा तळाजवळ आणि मध्यावर सगळ्यात कमी असतो. जितकं वर जावं आणि जितकं टोकाकडे जावं, तितका तो वाढतो. पहिल्या वर्गाची केबिन वरच्या डेकवर, वाऱ्याची, खिडकीची, पण दर्या खवळला की तीच झोके घेणार. आजही बोट लागणाऱ्या माणसाला जाणकार हेच सांगतात, की खालच्या मजल्यावरची, मधोमधची केबिन घ्या.

वरच्या डेकवर हवा आहे. उन्हासाठी डोक्यावर कनात ताणलेली, कठड्याला टेकून उभी राहिलेली पोरं, किनाऱ्यावरचा एकेक दिवा ओळखण्याची चढाओढ. याच्या वर मोजक्या केबिन, आणि सगळ्यात पुढे, उंचावर, कप्तानाची जागा. तिथून नाळेपुढचं, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकासमोरचं, सगळं पाणी दिसलं पाहिजे, म्हणून ती उंच.

वरच्या डेकची मजा लिहिली, तर त्याचं दुखणंही लिहिलंच पाहिजे. १७ जुलै १९४७, आषाढ अमावास्येचा दिवस. भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. 'रामदास' १७९ फूट लांब आणि अवघी २९ फूट रुंद होती. इतक्या अरुंद बोटीत माणसांचं वजन वरच्या अंगाला असेल आणि तुफानी लाटेबरोबर सगळे एका बाजूला सरकले, तर बोटीला परत सरळ व्हायला ताकद उरत नाही. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं, त्यामुळे हाकेच्या अंतरावर मुंबई असूनही मदत मागता आली नाही. त्याआधी नोव्हेंबर १९२७ मध्ये एकाच वादळात 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी याच किनाऱ्यावर गेल्या होत्या. 'रामदास', 'तुकाराम' अशी संतांची नावं दिलेल्या बोटींवर माणसांनी देवावर ठेवावा तसा विश्वास ठेवला. त्या विश्वासाला पुरेशा जीवरक्षक नौका, पुरेशी जाकिटं आणि एक संदेशयंत्र यांची जोड द्यायला हवी होती. ती दिली गेली नाही, याची चीड मला आजही येते.

'टायटॅनिक' बुडाल्यानंतर, १९१४ मध्ये, समुद्रावरच्या जीविताच्या सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. जहाजावर जितकी माणसं तितक्यांसाठी बचावाच्या नौकांत जागा हवी, हे तत्त्व तेव्हाच मान्य झालं होतं. पण मोठ्या महासागरी जहाजांचे नियम आणि किनाऱ्यालगतच्या छोट्या फेऱ्यांची वहिवाट यांत फार अंतर होतं. त्या अंतरात आपली माणसं बुडाली.

आता 'आंग्रिया'कडे वळू. या बोटीचा मागचा जन्म फार थोड्यांना ठाऊक आहे. १९९७ साली जपानात बांधलेली ही 'ओगासावारा मारू'. टोकियोहून हजार किलोमीटर दक्षिणेला चिचिजिमा नावाचं बेट आहे. तिथे विमानतळ नाही; माणूस, भाजीपाला, टपाल, सगळं बोटीनेच जाणार, एका दिशेला चोवीस तासांच्या वर. २०१६ पर्यंत ही बोट त्या बेटाची एसटी होती. तिच्यात सगळ्यात स्वस्त वर्गाची जागा कशी होती? मोठी दालनं, जमिनीवर गालिचा, प्रत्येकाला एक उशी आणि अंगाला अंग लावून झोपलेली माणसं. म्हणजे आपला खालचा डेकच, फक्त स्वच्छ, थंड आणि आखून दिलेला. बेटावरचा मासेमार आणि टोकियोत शिकणारं त्याचं पोर असे शेजारी झोपून प्रवास करत.

तीच बोट कोकणच्या पाण्यात आली तेव्हा तिचं रूप पालटलं. पोहण्याचा तलाव, उपाहारगृहं, बार, निरनिराळ्या दरांच्या खोल्या. कमी पैशांत जाणाऱ्यांसाठी एकावर एक बिछान्यांची सोयही ठेवली होती. पण बोट होती सहलीची. मुंबई सोडली की थेट गोवा, आणि मध्यरात्रीच्या आसपास रत्नागिरी डावीकडे टाकून ती पुढे जाई. २०२० च्या टाळेबंदीत तिच्या फेऱ्या थांबल्या. बेटाची गरज भागवायला बांधलेली बोट बेटासारख्याच अडलेल्या आपल्या किनाऱ्यासमोरून गेली आणि एकाही बंदरात थांबली नाही, ही गोष्ट मला फार लागते.

'कॉर्डेलिया' हे वेगळंच प्रकरण. १९९० साली फ्रान्समधल्या सॅं-नाझेर इथे बांधलेली ही 'नॉर्डिक एम्प्रेस'. अमेरिकेहून कॅरिबियन बेटांकडे तीन-चार दिवसांच्या सहली काढण्यासाठीच तिची रचना झाली. तिच्यात शिरलात की समुद्र दिसत नाही. दिसतं ते कित्येक मजले उंच दालन, काचेच्या लिफ्ट, पितळी कठडे. डेक कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे पायांना कळत नाही. शेकडो केबिन आतल्या बाजूला आहेत, त्यांना खिडकीच नाही. एवढी माणसं मावायची तर बोट रुंद हवी, आणि रुंद बोटीच्या पोटातल्या खोल्यांना समुद्र कुठून मिळणार?

वरच्या डेकवरचा तलाव पाहून अनेकजण म्हणतात, एवढी मोठी बोट आणि तलाव एवढासा? त्याचं कारण आपण आताच खाली पाहिलं. पाणी म्हणजे वजन, आणि तेही हलणारं वजन, बोटीच्या माथ्यावर! म्हणून तलाव लहान, उथळ, आणि समुद्र खवळला की तो रिकामा करायचा. तळाजवळ दोन्ही कुशींतून माशाच्या परांसारखे पंख बाहेर काढता येतात. ते वेळोवेळी कोन बदलून हेलकावे कमी करतात. बचावाच्या नौका मधल्या डेकच्या बाहेर दोन्ही बाजूंना टांगलेल्या असतात आणि प्रवास सुरू होण्यापूर्वी प्रत्येक प्रवाशाला जमण्याची जागा दाखवून कवायत घेतली जाते. पुष्कळ लोक ही कवायत कंटाळून करतात. 'रामदास'ची हकीकत ठाऊक असलेल्या माणसाने तरी ती मन लावून करावी.

सुरक्षिततेत 'कॉर्डेलिया' जुन्या आगबोटीच्या शंभर पटींनी पुढे आहे, यात वाद नाही. तरी मला विचाराल तर कोकणच्या माणसाला हवी आहे ती 'ओगासावारा मारू'सारखी बोट. जमिनीवर झोपायची स्वच्छ जागा, परवडणारं भाडं, आंब्याच्या पेट्यांना पोटात जागा, आणि वेळापत्रकात रत्नागिरीचं नाव. गणपतीला महामार्गावर रात्र रात्र अडकणाऱ्या चाकरमान्याला तलाव नको आहे.

ती थांबणार कुठे, हा प्रश्न मात्र खरा आहे. 'कॉर्डेलिया'सारख्या बोटीचा पाण्याखालचा भाग सुमारे सात मीटर. रत्नागिरीत मांडवीच्या जेट्टीपाशी तेवढी खोली नाही. जुनी आगबोट याहून पुष्कळ कमी पाण्यात चालणारी, तरी तीसुद्धा बाहेरच नांगर टाकून उभी राही आणि माणसं छोट्या पडावात उतरत. हलत्या शिडीवरून हलत्या पडावात, एका हातात पोर आणि दुसऱ्या हातात ट्रंक घेऊन. बोट गोव्यापर्यंत चालवणं कंपन्यांना जमलं. शेवटचा तो अर्धा-पाऊण मैल कायम आपल्या खारवी आणि दालदी समाजांतल्या नाखव्यांच्या हाती राहिला. त्यांचे पडाव कसे बांधले जात, लाटेचा नेम साधून ते शिडीखाली कसे आणत आणि मे अखेरीस दर्या फिरला की कसे वर ओढून ठेवत, हे पुढच्या लेखांकात.