तळाचा स्वर कोणाचा?

यादीतले शेवटचे नाव : लेखांक ९

‘बेस’ हा शब्द यवतमाळ जिल्ह्यात आता कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. दिग्रस-पुसदकडची लग्नाची वरात असो की वणीतले गणेश विसर्जन, छातीत धडधडणारा आणि खिडक्यांची तावदाने थरथरवणारा तो आवाज म्हणजे बेस, आणि तो कमी-जास्त करायला एक बटण असते, एवढी त्याची ओळख घरोघरी आहे. या ओळखीत त्याच नावाचे वाद्य मात्र नाही आणि ते वाजवणारा माणूसही नाही. जॅझच्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर सॅक्सोफोनवाला वरच्या ओळीत असतो, पियानोवाला त्याखाली, आणि बेसवाद्याचे नाव यादीच्या तळाशी, पुष्कळदा ढोलवाद्याच्या शेजारी छापलेले असते. या लेखांकात अशाच एका युरोपीय बेसवादकाच्या मुद्रणांचा मागोवा घ्यावयाचा आहे, कारण ती मुद्रणे एका मराठी तबलजीच्या हातापाशी येऊन मिळतात.

मागील लेखांकात डबल बेसची रचना पाहिली, तिची येथे उजळणी पुरे. माणसाच्या उंचीहून मोठे, उभे राहून वाजवण्याचे हे चार तारांचे वाद्य असून त्याची सर्वांत खर्जातली तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते. त्याच्या गळपट्टीवर सतारीसारखे पडदे नसल्यामुळे डाव्या हाताचे बोट तारेवरून घसरत नेऊन सारंगीप्रमाणे मींड काढता येते. जॅझमध्ये ते गजापेक्षा बोटांनी छेडूनच अधिक वाजते. त्याची नित्याची चाल म्हणजे ‘वॉकिंग बेस’, अर्थात चालता बेस : चार मात्रांच्या प्रत्येक खंडात दर मात्रेला एक स्वर ठेवत, पियानोवर बदलत जाणाऱ्या कॉर्डचा, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या तीन-चार स्वरांच्या जुडग्याचा, पाया दाखवत पुढे जाणे. कॉर्ड बदलते म्हणून बेसला चालायला रस्ता मिळतो, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

आपल्याकडे हा तळ डग्ग्याचा असतो. गावच्या भजनी मंडळात तबलजीच्या डाव्या हाताकडे पाहिले असता मनगटाची टाच पुडीवर दाबून पुढे सरकते आणि बोट पडलेला आवाज खालून वर वाकत जातो, हा घुमारा स्पष्ट दिसतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी वऱ्हाडात घराघरांत पोचवलेल्या खंजिरीतही कातड्यावरच्या दाबाने आवाज असाच वाकवता येतो. म्हणजे डबल बेसची मींड आणि डग्ग्याचा घुमारा ही दोन्ही एकाच खर्जाच्या प्रदेशातली, एकाच स्वभावाची कामे आहेत. ती दोन वाद्ये एका मुद्रणात आली तर तळ कोणाचा, हा प्रश्न तेथून निघतो, आणि १९६६ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंडो-जॅझ स्वीट’ या ध्वनिमुद्रिकेत तो बहुधा प्रथमच इतक्या उघडपणे समोर आला.

ही मुद्रिका कलकत्त्यात जन्मलेले व्हायोलिनवादक-संगीतकार जॉन मेयर आणि जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांच्या नावावर आहे. तिची मांडणी ‘दुहेरी पंचक’ अशी होती. पाच जण जॅझचे आणि पाच जण मेयर यांच्या बाजूचे, ज्यांत सतारीवर दिवाण मोतीहार, तंबोऱ्यावर चंद्रहास पैंगणकर आणि तबल्यावर केशव साठे होते. मुंबईहून १९५० च्या दशकात लंडनला जाऊन स्थिरावलेल्या साठ्यांना त्या शहरातल्या हिंदुस्थानी मैफलींची साथ, लोकसंगीतवाल्यांची मुद्रणे आणि जॅझ असे तिन्ही दरवाजे उघडे होते, आणि तरीही महाराष्ट्रात त्यांचे नाव तबल्याच्या घराण्यांची चर्चा करणाऱ्यांच्या तोंडीही सहसा येत नाही. जॅझच्या पंचकात बेसवर होते रिक लेअर्ड.

लेअर्ड यांचा जन्म १९४१ सालचा, डब्लिनचा. किशोरवयात वडिलांबरोबर न्यूझीलंडला, तेथून ऑस्ट्रेलियाला आणि १९६२ मध्ये लंडनला, असा त्यांचा प्रवास झाला. लंडनला रॉनी स्कॉट यांच्या प्रसिद्ध जॅझ क्लबात ते घरचे बेसवादक झाले, म्हणजे अमेरिकेहून जो कोणी पाहुणा येईल त्याला साथ करणारे. सोनी रॉलिन्स आणि गिटारवादक वेस मॉन्टगोमेरी यांच्या १९६५ च्या लंडनमधल्या मुद्रणांत त्यांचाच बेस आहे. आज हा गायक, उद्या तो वादक, आणि प्रत्येकाचा स्वभाव, लय आणि लहर सांभाळायची, ही आपल्याकडच्या मुरलेल्या साथीदाराची शाळा लेअर्ड यांनी वयाच्या पंचविशीआधीच पुरी केली होती.

‘इंडो-जॅझ स्वीट’मध्ये मात्र या शाळेचा उपयोग अर्धाच झाला. तिच्यातल्या दोन रचनांची नावेच ‘राग मेघ’ आणि ‘राग गौड सारंग’ अशी आहेत, आणि रागाच्या चौकटीत कॉर्ड बदलत नाही. तंबोऱ्याचा षड्ज अखंड असतो. ज्या रस्त्यावरून बेस चालायचा तो रस्ताच येथे काढून घेतलेला आहे. मेघासारख्या पाच स्वरांच्या, रिषभाला आंदोलन देणाऱ्या पावसाळी रागात षड्ज-पंचमाला धरून राहणे बेसला निदान शोभते, पण दोन्ही मध्यम घेऊन वाकड्या वाटेने चालणाऱ्या गौड सारंगात बेसने सरळ पावले टाकली की रागाचे अंग बोथट होते. या मुद्रिकेला त्या काळी मिळालेले कौतुक योग्य असले तरी तिच्यात दोन्ही पंचके पुष्कळ वेळा पंगतीत शेजारी बसल्यासारखी वाटतात. एकमेकांच्या ताटातले त्यांनी फारसे घेतलेले नाही. साठ्यांचा डग्गा आणि लेअर्ड यांचा बेस एकमेकांना धक्का लागू नये म्हणून अंग चोरतात असा भास होतो, आणि हे अंग चोरणेच आज ऐकण्यासारखे आहे.

येथे एक व्यावहारिक गोष्ट सांगणे भाग आहे, ती अशी की हे सारे फोनच्या स्पीकरवर ऐकू येणार नाही. तेवढ्या लहान पडद्याला साधारण दोनशे कंपनांच्या खालचे स्वर नीट हलवताच येत नाहीत. त्यामुळे तबल्याची चाटी आणि सतार कानावर येते, बेसचा मूळ स्वर गळतो, आणि त्याच्या वरच्या अंशस्वरांवरून मेंदू तो अंदाजाने भरून काढतो. बेसवादकांच्या अज्ञातवासाला हेही एक कारण असावे. कानात घालायचे बरे यंत्र किंवा घरातला जुना लाकडी पेटीचा स्पीकर असेल तर हा गाळ तळाशी बसतो आणि पाणी निवळते. दुसरी अडचण नावांची आहे. गाणी ऐकवणाऱ्या अ‍ॅपमध्ये मुख्य कलाकाराचेच नाव दिसत असल्याने बेसवादकाच्या नावाने शोधले तर हाती फारसे लागत नाही. त्याच्याकडे जाण्याचा मार्ग मुद्रिकेच्या मूळ वेष्टनावरच्या यादीतून, म्हणजे शेजारच्या नावांवरूनच जातो. केशव साठे हे असेच शेजारचे नाव आहे.

त्या नावाचा धागा धरला असता पुढचा टप्पा जर्मनीत लागतो. १९६७ च्या ऑक्टोबरमध्ये मुद्रित झालेल्या ‘जॅझ मीट्स इंडिया’मध्ये साठे आणि मोतीहार पुन्हा एकत्र आहेत, तंबोऱ्यावर कुसुम ठाकूर आहेत, आणि समोर स्विस पियानोवादक इरेन श्वायझर यांचे त्रिकूट, ज्यात बेसवर उली ट्रेप्टे. श्वायझर यांचे संगीत मुक्त जॅझच्या, म्हणजे ठरलेली कॉर्डमाला आणि ठरलेली लय दोन्ही सोडून देणाऱ्या प्रवाहातले असल्यामुळे येथे बेसला चालण्याचे बंधनच नव्हते. जेथे मेयर यांच्या लिहिलेल्या रचनेत लेअर्ड अडकतात, तेथे ट्रेप्टे नुसते भोवती घोटाळू शकतात. एका रचनेचे नाव ‘ब्रिगाख आणि गंगा’ आहे. ब्रिगाख ही व्हिलिंगेन गावातून वाहणारी, पुढे डॅन्यूबला जन्म देणाऱ्या दोन प्रवाहांपैकी एक लहानशी नदी आहे, आणि मुद्रण त्याच गावात झाले होते. यवतमाळच्या वाचकाने गंगेशेजारी वाघाडीचे नाव घ्यावे तसा हा प्रकार, आणि त्यातला मिस्कीलपणा संगीतातही उतरला आहे.

लेअर्ड तोवर अमेरिकेला गेले होते; १९६६ मध्ये बॉस्टनच्या बर्कली संगीत विद्यालयाची शिष्यवृत्ती त्यांना मिळाली, आणि मेयर-हॅरियट जोडीच्या पुढच्या, १९६७ च्या मुद्रिकेत बेस कोलरिज गुड यांच्याकडे आला. पाच वर्षांनी मात्र लेअर्ड पुन्हा भारतीय विचाराच्या आवारात आले, यावेळी डबल बेस ठेवून पडदे असलेली विजेची बेस गिटार घेऊन. इंग्लंडचे गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांनी, गुरू श्री चिन्मय यांनी दिलेल्या नावावरून, १९७१ मध्ये ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ काढला. त्यात व्हायोलिनवर जेरी गुडमन, कळफलकांवर यान हामर, ढोलवाद्यावर बिली कोबम आणि बेसवर लेअर्ड.

या पथकाविषयी लिहिताना बहुतेक सगळे कोबम यांचा झंझावात आणि मॅक्लॉफ्लिन यांची बोटे यांवरच थांबतात, आणि लेअर्ड यांनी ‘फक्त आधार दिला’ असे म्हणून पुढे जातात. हा न्याय नव्हे. ‘द डान्स ऑफ माया’ दहा मात्रांच्या आवर्तनात आहे, ‘बर्ड्स ऑफ फायर’ अठरा मात्रांच्या. अशा विषम आवर्तनांत बाकीचे चौघे आपापल्या दिशांनी सुटलेले असताना बेस एकच लहान वाक्य फिरून फिरून वाजवत राहतो. मराठी श्रोत्याला या कामाचे नाव माहीत आहे. तबल्याच्या एकलवादनात हार्मोनियमवर किंवा सारंगीवर आवर्तनभर पुरणारे एक सुरेल वाक्य अखंड वाजत असते, त्याला लेहरा किंवा नगमा म्हणतात. तबलजी कायदा, पलटे, चक्रदार करत कितीही लांब गेला तरी सम कोठे आहे ते श्रोत्याला लेहऱ्यावरून कळते. लेहरा वाजवणाऱ्याने मध्येच हुशारी दाखवली तर मैफल बिघडते. लेअर्ड महाविष्णूचा लेहरा वाजवत होते, आणि लेहऱ्याला टाळ्या पडत नाहीत. ‘द इनर माउंटिंग फ्लेम’ ही पथकाची मुद्रिका ऐकताना एकदा गिटार आणि ढोल यांच्याकडे कान बंद ठेवून केवळ बेसवर हाताने टाळी धरावी, म्हणजे बाकीच्यांचे सुटणे कोणाच्या भरवशावर आहे ते ध्यानात येते.

हे पथक १९७३ अखेर फुटले. मॅक्लॉफ्लिन यांनी पुढे झाकीर हुसेन, एल. शंकर आणि विक्कू विनायकराम यांच्यासह ‘शक्ती’ उभारले, त्याची पहिली मुद्रिका १९७६ ची, आणि तिच्यात बेस नाही. पुढे अनुकरणाचा विषय झालेल्या या पथकाबद्दल ही साधी गोष्ट क्वचितच कोणी नोंदवतो : तळाचा स्वर कोणाचा, या १९६६ च्या प्रश्नाला शक्तीने दिलेले उत्तर म्हणजे बेसवाल्याला घरी पाठवणे, आणि ती जागा डग्गा आणि घटम यांनी भरून काढणे. लेअर्ड नंतर स्टॅन गेट्झ यांच्यासारख्यांबरोबर वाजवत राहिले, जो हेंडरसन यांच्या सॅक्सोफोनसह ‘सॉफ्ट फोकस’ ही मुद्रिका त्यांनी स्वतःच्या नावावर केली, आणि १९८२ च्या सुमारास वादन सोडून ते छायाचित्रकार झाले. २०२१ च्या जुलैमध्ये त्यांचे निधन झाले.

प्रश्न मात्र तेथे मिटला नाही. २०१९ मध्ये ‘गुड होप’ नावाची मुद्रिका आली, तिच्यात तिघेच जण आहेत : इंग्लंडच्या वुल्व्हरहॅम्प्टनचे बेसवादक डेव्ह हॉलंड, सॅक्सोफोनवर क्रिस पॉटर, आणि मुंबईच्या माहीमचे झाकीर हुसेन. पियानो नाही, गिटार नाही, म्हणजे कॉर्ड धरणारे कोणीच नाही, आणि त्यामुळे डबल बेस आणि डग्गा यांच्यामध्ये लपायला आडोसाही नाही. अर्ध्या शतकापूर्वी अंग चोरणारे ते दोन खर्ज येथे एकमेकांना जागा विचारतात. हॉलंड एक वाक्य खाली नेऊन सोडतात, आणि हुसेन ते कधी डग्ग्यावर, तर कधी कंजिऱ्यावर उचलून वाकवतात. कंजिरा ही दक्षिणेची एका झांजेची लहान खंजिरी आहे. तिचा वाकता खर्ज वऱ्हाडातल्या भजनांवर वाढलेल्या कानाला नवा वाटणार नाही.