हुकाला टांगलेलं हेल्मेट

सकाळी सहाची वेळ. दूध घेऊन परत येत होतो. डेअरी घरापासून तीनशे मीटरवर, आणि स्कूटरचा वेग असा की एखादा सायकलवाला सहज पुढे निघून जावा. वळणावर कुणाच्या तरी बांधकामाची वाळू सांडलेली होती. पुढचं चाक घसरलं आणि मी डाव्या कुशीवर आडवा. खांदा सोलला, पिशवी फुटली, डोकं फुटपाथच्या कडेपासून वीतभर अलीकडे थांबलं. हेल्मेट होतं की! पायाजवळच्या हुकाला टांगलेलं. त्याला ओरखडाही आला नाही.

‘एवढ्याशा अंतराला हेल्मेट कशाला?’ हा गैरसमज माझ्या स्वतःच्याच खात्यावर आहे, म्हणून हेल्मेटबद्दलच्या गैरसमजांची सुरुवात त्याच्यापासूनच करतो. डोकं फुटायला गाडीचा वेगच लागतो असं नाही, उंची पुरते. स्कूटरवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण १.४ मीटरवर असतं. तेवढ्या उंचीवरून ते थेट खाली आलं तर जमिनीला ताशी जवळजवळ १९ किलोमीटर वेगाने भिडतं, मग गाडी सिग्नलला उभी का असेना. अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे हॅरी हर्ट आणि त्यांचे सहकारी लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटरसायकल अपघातांच्या जागी स्वतः गेले होते. १९८१ साली निघालेला त्यांचा अहवाल सांगतो की बहुतेक अपघात बाजारहाट, मित्राकडे जाणं अशा छोट्या फेऱ्यांत आणि निघाल्या जागेच्या जवळच झाले होते. निम्म्या अपघातांत धडकेच्या क्षणीचा वेग ताशी ३५ किलोमीटरपेक्षा कमी होता. देश वेगळा, रस्ते वेगळे, हे मान्य. पण ‘हायवेला लागलो की घालू’ असं म्हणणाऱ्याने निदान एवढं ऐकून ठेवावं. कायद्यातही गाव आणि हायवे असा भेद नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ सार्वजनिक जागा म्हणतं, म्हणजे तुमची गल्लीसुद्धा.

‘हेल्मेट म्हणजे पावत्या फाडायला पोलिसांनी काढलेलं खूळ.’ हे खूळ काढलं एका मेंदूच्या सर्जनने. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून जगाला माहीत असलेला टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात आपल्या ‘ब्रफ सुपीरियर’ मोटरसायकलवरून जाताना दोन सायकलवाल्या मुलांना चुकवायला गेला आणि फेकला गेला. डोक्याला मार लागला, सहा दिवसांनी मृत्यू. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत हे सर्जन, ह्यू केर्न्स, होते. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मोटरसायकलवरून निरोप पोचवणारे सैनिक शत्रूच्या गोळीविनाच मरताहेत हे त्यांनी पाहिलं, आणि १९४१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आकडेवारीसह लेख लिहिला. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. पावतीपुस्तक या कथेत फार उशिरा येतं.

आता मुद्द्याची गोष्ट. बहुतेकांना वाटतं की हेल्मेटचं काम त्याचं बाहेरचं कडक कवच करतं. म्हणून दुकानात लोक टिचकी मारून बघतात, मडकं घेतल्यासारखं. कवच टोकदार वस्तू आत घुसू देत नाही आणि मार पसरवतं, हे खरं. पण जीव वाचवतो तो आतला थर्मोकोल. डोकं उघडं असेल तर रस्त्यावर ते काही मिलिमीटरांत थांबतं. मध्ये दोन-अडीच सेंटिमीटर चेपला जाणारा थर्मोकोल असेल तर थांबायला तेवढी जागा मिळते. थांबण्याचं अंतर पाच-सात पट झालं की मेंदूला बसणारा हिसका तितक्याच पटीने उतरतो. सगळी जादू एवढीच. चेपलेला थर्मोकोल पुन्हा फुगत नाही, म्हणून डोक्यावर असताना एकदा आपटलेलं हेल्मेट वरून चकाचक दिसलं तरी बाद समजायचं. उलट, रिकामं हेल्मेट सीटवरून घरंगळलं म्हणून हळहळण्याचं सहसा कारण नाही. आतून दाबणारं डोकंच नसतं, मग थर्मोकोल चेपणार कसा?

हे एकदा कळलं की फुटपाथवर बांबूला लटकवलेल्या ‘टोप्या’ वेगळ्या दिसायला लागतात. हातात घ्या, उलटी करा, अस्तराखाली अंगठा दाबा. कित्येकदा अंगठा सरळ प्लॅस्टिकला टेकतो, मध्ये स्पंजाची पातळ चकती. ती टोपी चौकातल्या हवालदारापासून वाचवेल, रस्त्यापासून नाही. १ जून २०२१ पासून देशात फक्त आयएसआय शिक्क्याचंच हेल्मेट बनवता आणि विकता येतं. मानक आयएस ४१५१. पण शिक्का काय, स्टिकरच्या दुकानातही मिळतो. खऱ्या शिक्क्यासोबत ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो आणि तो मोबाइलवरच्या ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये टाकला की कंपनीचं नाव येतं. दुकानदाराच्या तोंडावर हे करायला थोडा संकोच वाटतो. करा तरी.

याचं दुसरं टोक म्हणजे ‘महाग तेच मजबूत’. ब्रिटन सरकारची ‘शार्प’ ही योजना २००७ पासून बाजारातली हेल्मेटं विकत आणून आपटते आणि एक ते पाच तारे देते. तिथे स्वस्त हेल्मेटांनी पाच तारे मिळवले आहेत आणि महागड्यांची दोन-तीनवर बोळवण झाली आहे. जास्तीचे पैसे बऱ्याचदा वजन, वारा, आवाज आणि चित्रांचे असतात.

किमतीपेक्षा माप मोठं. ‘थोडं सैल बरं, डोकं दुखत नाही’ म्हणून घेतलेलं हेल्मेट आपटण्याआधीच डोक्याला रामराम करतं. नवं हेल्मेट गालांना चांगलं दाबलं पाहिजे, इतकं की बोलताना गाल दातांखाली यावेत. हाताने डावी-उजवीकडे फिरवलं तर कपाळाची कातडी सोबत फिरली पाहिजे. दुखायला मात्र नको. कपाळावर एका ठिकाणी टोचत असेल तर तो आकार तुमच्या डोक्याचा नाही, दुसरा बघा. आणि पट्टा! सिग्नलला उभं राहून मोजा कधी: हेल्मेट डोक्यावर, पट्टा कानाशी लोंबतोय. ते हेल्मेट नव्हे, छत्री आहे.

अर्ध्या हेल्मेटबद्दल दुकानदार सांगतो, ‘साहेब, गावात हेच चालतं, मोकळं वाटतं.’ मोकळं वाटतं खरंच. जर्मनीत हॅनोवरचे डीटमार ओटे यांनी अपघातातल्या हेल्मेटांवर मार कुठे बसतो हे नोंदवलं, तेव्हा जवळजवळ एक तृतीयांश मार हनुवटीच्या पट्ट्यात निघाला. अर्ध्या हेल्मेटात तिथे फक्त दाढी असते.

‘हेल्मेटने मान मोडते’ हा गैरसमज सुशिक्षितांत जास्त, कारण त्याला विज्ञानाचा वास आहे: डोक्यावर वजन वाढलं की हिसका मानेला. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी ४० हजारांहून जास्त मोटरसायकल अपघातांच्या नोंदी तपासून २०११ मध्ये निष्कर्ष मांडला, तो नेमका उलटा निघाला. हेल्मेट घातलेल्यांत मानेच्या मणक्याची इजा २२ टक्क्यांनी कमी.

ऐकू येत नाही, बाजूचं दिसत नाही, या तक्रारी हर्ट यांनीही तपासल्या होत्या. हेल्मेटमुळे कामाचा आवाज किंवा नजर अडली म्हणून अपघात झाला, असं त्यांना आढळलं नाही. हेल्मेट हॉर्न दाबतं तसं वाऱ्याचं घोंघावणंही दाबतं. ओरखडे पडलेली किंवा काळी काच मात्र रात्री खरोखर घात करते आणि पावसाळ्यात आतून वाफ धरते. त्यावर उपाय काच बदलणं हा आहे, हेल्मेट काढणं हा नाही. केसांचं म्हणाल तर पुरुषांचं नेहमीचं टक्कल आनुवंशिकतेने आणि हार्मोन्समुळे येतं. अस्तर मात्र धूत जा.

राहिला प्रश्न स्वभावाचा. १ जानेवारी २०१९ ला पुण्यात हेल्मेटसक्तीची कडक अंमलबजावणी सुरू झाली तेव्हा विरोधात लोक रस्त्यावर उतरले. त्यांची थट्टा खूप झाली. त्यांचा एक मुद्दा मला पटतो: खड्डे, उलट बाजूने येणारे आणि वाळूचे ढीग तसेच ठेवून सगळी जबाबदारी स्वाराच्या डोक्यावर टाकणं सोपं असतं. हेल्मेट एकही अपघात टाळत नाही. पण ‘हेल्मेट घातलं की माणूस बेदरकार चालवतो’ हा त्यांचा दुसरा युक्तिवाद टिकत नाही. तो खरा असता तर सक्ती उठल्यावर माणसं जपून चालवू लागली असती. फ्लोरिडाने जुलै २००० मध्ये २१ वर्षांवरच्या विमाधारक स्वारांची सक्ती उठवली आणि मोटरसायकलस्वारांचे मृत्यू वाढले.

धोका किती घ्यायचा हे ज्याचं त्याने ठरवावं, हे मलाही मान्य आहे. मी स्वतः उन्हाळ्यात चपला घालून स्कूटर चालवतो, हातमोजे माझ्याकडे नाहीत, आणि सोललेल्या घोट्याची किंमत मला माहीत आहे. पण ठरवताना हिशेब तरी खरा हवा. अनेक अभ्यास एकत्र करून २००८ मध्ये झालेल्या कॉक्रेन आढाव्याचा हिशेब असा: हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्क्यांनी घटतो. शंभर टक्के कुठेच नाही. म्हणजे हेल्मेट घालूनही माणसं मरतात, हे वाक्य खरं आहे आणि निरुपयोगी आहे.

शिवाय ‘माझं डोकं, माझा प्रश्न’ म्हणणाऱ्याच्या मागे बहुधा दुसरं डोकं बसलेलं असतं. पुढे बाबा हेल्मेटमध्ये, मागे आई ओढणीत, मध्ये पोरगं शाळेच्या टोपीत, हे चित्र कुठल्याही गावात दिसतं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये हेल्मेट नसलेले ५०,०२९ जण अपघातांत दगावले. त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट लागतं. त्याहून लहान, नऊ महिन्यांपुढच्या मुलांसाठीही हेल्मेट आणि चालकाला बांधणारा पट्टा असा केंद्राचा नियम २०२२ मध्ये निघाला आहे, आणि त्या मुलाला घेऊन ताशी ४० च्या वर जायचं नाही.

आज घरी गेलात की तुमचं हेल्मेट उलटं करून बघा. अस्तराखाली थर्मोकोल किती जाड आहे, कुठे दबलाय का, आत किंवा मागे बनवल्याची तारीख काय आहे. पाच वर्षांपूर्वीची असेल तर नवं घ्या, आणि घ्यायला जाताना मागे बसणारीला सोबत न्या. तिचं माप वेगळं असतं.